कामाचे रस्ते: नवेगाव बांधपासून भामरागडपर्यंत दुचाकीवर पाच दिवस

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पूर्व विदर्भात मोटारसायकलवर भटकायला निघणारा माणूस नवखा तरी असतो किंवा हट्टी तरी. आम्ही दोघे हट्टी. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने जंगलातले नाले गाडीला पलीकडे जाऊ देत नाहीत. मार्च सरता सरता मात्र ते कोरडे पडतात, साग निष्पर्ण होतो, झाडांमधून लांबवर दिसू लागते आणि मोहाच्या वासाने सकाळ जड होते. त्याची किंमत म्हणून दुपारी डोक्यावर जे ऊन येते, ते मुकाट्याने सोसायचे असते.

माझा सोबती व्यवसायाने शिक्षक. कोरची तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याने अकरा वर्षे काढली, तेव्हापासून सगळेच त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. त्याला कामापुरती गोंडी येते, आणि तेवढ्यावर तो कोणत्याही गावात पाण्याचा तांब्या आणि बसायला खाट मिळवू शकतो. त्याच्याकडे चौदा वर्षांची स्प्लेंडर आहे. माझ्याकडे 200 सीसीची एक्सपल्स, म्हणजे पुढे 21 इंचांचे चाक, स्पोक असलेले रिम आणि जमिनीपासून 220 मिलिमीटर उंची असलेली, खास अशाच रस्त्यांसाठी बनवलेली गाडी. पाच दिवसांत ज्या ज्या ठिकाणी माझी गाडी गेली, त्या प्रत्येक ठिकाणी मास्तरची स्प्लेंडर माझ्यानंतर दोन मिनिटांनी पोहोचली, हे प्रामाणिकपणे आधीच नोंदवून ठेवतो.

निघण्यापूर्वी काही गोष्टी ठरवल्या होत्या. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या पर्यटन फाटकांतून दुचाकी आत नेता येत नाही, म्हणून त्या वाटेला जायचेच नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे हा 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून डांबर सोडून आत वळण्यापूर्वी नाक्यावर किंवा वनरक्षकाला विचारायचे. आणि संध्याकाळी पाचनंतर जंगलात चाक फिरवायचे नाही, कारण त्यानंतर तो रस्ता माणसांचा राहत नाही. याखेरीज मास्तरची एक जुनी सवय होती, ती या प्रवासात हळूहळू आमचा चौथा नियम झाली. प्रत्येक फाट्यावर तो गाडी बंद करून खाली उतरायचा, मातीकडे बघायचा आणि विचारायचा, "हा रस्ता कोणत्या कामाचा?" मोबाइलच्या नकाशावर रेघ दिसते, ती रेघ कोण वापरतो, हे दिसत नाही. ते शेणावरून, सायकलच्या चाकोरीवरून आणि विडीच्या थोटकावरून कळते, असे त्याचे म्हणणे.

पहिला दिवस: नागपूर ते नवेगाव बांध

पहाटे साडेपाचला नागपूर सोडले. उमरेडपर्यंत सांगण्यासारखे काही नाही. भिवापूरला थांबून चहा घेतला. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण टपरीवरच्या तर्रीत कोणती मिरची होती याची खात्री देता येत नाही. पवनीला वैनगंगा ओलांडली. वरच्या अंगाला गोसेखुर्दचे धरण आहे, ज्याची कोनशिला 1988 साली बसवली गेली आणि ज्याचे कालवे पूर्ण होण्याची वाट पाहण्यात शेतकऱ्यांची एक पिढी म्हातारी झाली. आमचा प्रवास जंगलाचा असल्याने तो विषय इथेच सोडतो.

लाखांदूरपासून पुढे झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगलाचा आणि धानाचा पट्टा, लागते. टपऱ्यांच्या कुडांवर नाटकांचे कागद अजून चिकटलेले होते. वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम संपत आला होता, तरी रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांची ती रंगीत नावे वाचायला मास्तर दोनदा थांबला. दोन्ही बाजूंना ओसाड बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, आणि मध्येच एखादा हिरवागार पट्टा दिसत होता. तो उन्हाळी धानाचा. हिरवा पट्टा दिसला की वरच्या अंगाला तलाव आहे असे खुशाल समजावे.

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या या तलावांना सरकारी कागदावर माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोक नुसते मामा तलाव म्हणतात. मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेली आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तलाव सरकारजमा झाले. नाव मात्र चिकटून राहिले. ते बांधले प्रामुख्याने कोहळी समाजाच्या लोकांनी, आणि नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे तिथे कोणीही सांगतो. नवेगावच्या अलीकडे एका लहान तलावाच्या पाळीवरून वाट जात होती. पाळ म्हणजे मातीचा बांध. वर जेमतेम बैलगाडीपुरती रुंदी, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दहा-बारा फूट खाली शेते. मास्तरने नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. रस्ता कोणत्या कामाचा, हे इथे विचारण्याची गरज नव्हती, कारण काम करणारा समोरच उकिडवा बसला होता. पाणी सोडायचे जे दगडी तोंड असते, त्याला इकडे तुडूम म्हणतात. त्या तुडुमाजवळ बसून एक म्हातारा कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाते याचा हिशेब बोटांवर करीत होता.

"वरून गाडी नेली तर चालते का जी?" मास्तरने विचारले.

"न्या न जी. पण मधात थांबू नका. पार बसते." पाळीला तो पार म्हणत होता. थांबलेल्या वजनाने ओली माती खचते, चालत्या वजनाने तेवढी नाही, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. आम्ही पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली न टेकता पलीकडे गेलो. पुढच्या चार दिवसांत ओल्या वाळूत आणि सैल मुरमात हाच सल्ला कामी आला: वेग एकसारखा, हात सैल, आणि मध्येच विचार बदलायचा नाही.

दिवसभरात दीडशेहून थोडे अधिक किलोमीटर झाले. रात्री जेवणात लाखोळीच्या डाळीचे वडे होते.

दुसरा दिवस: नवेगाव बांध, गोठणगाव, इटियाडोह, केशोरी, कुरखेडा

गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत सकाळी आठला पोहोचलो. 1972 साली वसलेल्या या वस्तीचे नाव नॉर्ग्येलिंग. हिवाळ्यात इथली बरीच माणसे शहरोशहरी लोकरीचे कपडे विकायला जातात आणि मार्चपर्यंत परत येतात, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा घरे भरलेली होती. मोहाच्या झाडाला बांधलेल्या प्रार्थनेच्या पताका मी इतरत्र कुठे पाहिलेल्या नाहीत. एका आजींनी आम्हाला लोण्याचा चहा पाजला आणि अस्सल झाडीपट्टीच्या हेलात विचारले, "उन्हाचं कायले फिरून राहिले बाबू?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

जवळच गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. त्याचे पाणी अर्जुनी, लाखांदूर आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरीच्या धानापर्यंत जाते. कालव्याच्या काठाने जो सेवारस्ता असतो, तो दुचाकीस्वाराला फार मोहात पाडतो: सपाट, सावलीचा, वळण नसलेला. आम्ही त्यावर तीन-चार किलोमीटर गेलो आणि एका फाटकापाशी परत फिरलो, कारण पुढचा पूल वाहून गेला होता आणि तो पुन्हा बांधण्याची घाई कोणालाच नव्हती. कालव्याची तपासणी करणाऱ्याला पलीकडून येता येते, अलीकडूनही येता येते. मधून जाण्याचे काम त्याला नसते. रस्ता पाटाचा आहे, वाटसरूचा नाही, हे मास्तरने परतताना दोनदा ऐकवले.

केशोरीच्या पुढे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जंगलात शिरलो. नाक्यावरच्या वनरक्षकाने आमची नावे आणि गाड्यांचे क्रमांक वहीत लिहून घेतले आणि आधी सायलेन्सरकडे पाहिले. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वन विभागाचा वणव्याचा हंगाम. या दिवसांत वाळलेल्या पानांवर तापलेली गाडी उभी करणे म्हणजे काडी टाकण्यासारखेच आहे. "थांबायचं असेल तर मातीवर थांबा, पानावर नाही. आन् विडी-सिगरेट असेल तर इथंच ठेवून जा," असे त्याने बजावले. मास्तरने खिशातला सुपारीचा डबा उघडून दाखवला.

जंगलात आत जाणारे बहुतेक रस्ते कूपाचे असतात. ज्या वर्षी ज्या तुकड्यातली झाडे तोडायची, तो तुकडा म्हणजे कूप. त्या वर्षी तिथपर्यंत ट्रक जाईल एवढा रस्ता काढतात, नाल्यावर लाकडे आणि मुरूम टाकून तात्पुरता रपटा करतात, झाडे निघतात, जळाऊ लाकडाचे ढीग, म्हणजे बिट, उचलले जातात, आणि मग तो रस्ता रानाला परत दिला जातो. नकाशा बनवणाऱ्याला वरून तो दिसतो आणि तो त्याची रेघ ओढतो. त्यामुळे नकाशावर आरपार दिसणारे कितीतरी रस्ते प्रत्यक्षात कुठेच जात नाहीत. आम्ही निवडलेला रस्ता पहिले काही किलोमीटर उत्तम होता. कक्षाचा, म्हणजे वन विभागाने आखलेल्या जंगलाच्या भागाचा, क्रमांक लिहिलेले दगड, दोन चाकोऱ्या, मध्ये गवताची शेंडी. येनाची झाडे, ज्यांना पश्चिमेकडे ऐन म्हणतात, मगरीच्या पाठीसारखी साल घेऊन दोन्हीकडे उभी होती, आणि मधूनच एखादा कुसुम लालभडक नवी पालवी लेऊन असा उभा की दुरून कोणालाही आग लागल्याचा भास व्हावा.

उतारावर सागाची पाने पडलेली होती. हे पान ताटाएवढे मोठे. कोरडे असताना एकावर एक सरकते आणि खाली दडलेली घळ दिसू देत नाही. माझे मागचे चाक दोनदा सरकले. मास्तर मात्र पाय दोन्हीकडे लोंबते सोडून, इंजिन गिअरमध्ये ठेवून, ब्रेकला हात न लावता बैलगाडीच्या संथपणे उतरला. उभे राहून गाडी चालवण्याचे तंत्र मी बऱ्याच खर्चाने शिकलो आहे, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

पुढे रस्ता संपला. वळला नाही, अरुंद झाला नाही, सरळ संपला. अर्धा एकर मोकळी जागा, ट्रक वळवल्याच्या जुन्या गोल खुणा, आणि सभोवती सागाचे बुंधे, प्रत्येकावर हातोड्याने उमटवलेला शिक्का आणि क्रमांक. काही बुंध्यांतून कमरेएवढे फुटवे आले होते, म्हणजे तोड होऊन दोन-तीन वर्षे झाली असावीत. आम्ही मातीचा तुकडा शोधून गाड्या उभ्या केल्या, पाणी प्यालो आणि आल्या वाटेने परत निघालो. चौदा किलोमीटर आणि दोन तास खर्ची पडले. मला ते वाया गेल्यासारखे वाटले. मास्तरला वाटले नाही. सती नदीच्या काठी कुरखेड्याला त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी मुक्काम केला.

तिसरा दिवस: कुरखेडा, मालेवाडा, येरकड, धानोरा

या दिवसाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण यात सगळी चूक माझी होती.

ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा एक कळप गडचिरोली जिल्ह्यात शिरला आणि तेव्हापासून मुरूमगाव, मालेवाडा, कुरखेडा आणि थेट अर्जुनी मोरगावपर्यंत त्याची ये-जा चालू राहिली. या भागातल्या कोणत्याही जिवंत माणसाच्या आठवणीत रानटी हत्ती नव्हता. वाघाशी कसे वागायचे ते ठाऊक होते, हत्तीशी नव्हते. धानाची नासाडी झाली, घरे पडली, माणसे दगावली. मार्च-एप्रिलमध्ये धान नसते तेव्हा हत्ती मोहावर येतो, कारण घरात साठवलेल्या मोहाचा वास त्याला फार लांबून येतो. मालेवाड्यात चहा घेताना वनपालांनी सांगितले की आदल्या रात्री कळप आम्ही ठरवलेल्या रस्त्याच्याच अंगाला होता. त्या वाटेने जाऊ नका, मोठ्या रस्त्याने येरकडला निघा.

सल्ला स्पष्ट होता आणि आम्ही तो पाळला, सुरुवातीला तरी. मोठ्या रस्त्याने दहाएक किलोमीटर गेल्यावर डावीकडे, हत्तींच्या उलट दिशेला, एक वाट फुटलेली मला दिसली. वाट कसली, राजमार्ग तो. काही मीटर रुंद, बाणासारखी सरळ, खाली एक पान नाही, एक फांदी नाही. आदल्या दिवशीच्या पानांच्या सरकत्या गालिच्यानंतर ती स्वच्छ काळी जमीन पाहून माझा विवेक गेला. मास्तर मागे होता. तो येऊन थांबेल, उतरेल, मातीकडे बघत बसेल, याचा मला मनातून कंटाळा आला होता. मी हात करून वळलो.

तीन किलोमीटर अप्रतिम गेले. मग ती वाट एका चढावर सरळ चढली. रस्ता असा चढत नाही, रस्ता चढाला वळसा घालतो. तेव्हाच समजायला हवे होते. चढावरून उतरून ती एका नाल्याच्या कडेला भिडली, चार पुरुष खोल कडा, आणि पलीकडच्या तीरावर तीच सरळ रेघ पुन्हा सुरू झालेली दिसत होती, जणू मधला नाला तिला मंजूरच नव्हता. मी ब्रेक लावला आणि त्याच क्षणी पुढच्या चाकातून फुस्स असा लांब आवाज आला. बांबू तोडताना विळा तिरपा चालतो आणि मागे जो खुंट राहतो तो भाल्यासारखा असतो. तसा एक खुंट टायरमधून आरपार ट्यूबमध्ये गेला होता.

मास्तर आला, उतरला, त्याने राख बोटाने उचलून पाहिली आणि म्हणाला, "अरे, ही जाळरेषा आहे."

वणवा एका कक्षातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून हंगामापूर्वी हद्दीवरचा पट्टा साफ करून, नियंत्रित आगीने जाळून काढतात. आग तिथपर्यंत येते, खायला काही मिळत नाही म्हणून थांबते. तो पट्टा कक्षाच्या हद्दीवरून जातो आणि हद्द नकाशावर पट्टीने आखलेली असते. चढ, नाला, कडा यांच्याशी तिला देणेघेणे नाही. तीन किलोमीटरमध्ये शेणाचा एक पो नाही, सायकलची एक चाकोरी नाही, हे मास्तरला फाट्यावरच दिसले होते. तो हाका मारत होता आणि हेल्मेटमधल्या मला ते ऐकू येत नव्हते.

चाक काढले, टायर पट्टीने उचलला, ट्यूबला दोन ठिगळे लावली, कारण खुंट एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघाला होता. हातपंपाने हवा भरताना साडेअकराचे ऊन मानेवर होते. एवढे मात्र खरे की तापलेल्या गाडीखाली पेटायला तिथे काही नव्हते. त्या सबंध जंगलात पंक्चर काढायला याहून सुरक्षित जागा सापडली नसती.

काम संपत आले तेव्हा दोन बाया डोक्यावर टोपल्या घेऊन त्याच जाळरेषेवर उतरल्या. पहाटेपासून वेचलेला मोह होता. मास्तरने आधी जोहार केला, मग गोंडीत काही बोलला, आणि दोघी मनापासून हसल्या. थोरली माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "हा रस्ता नोहे दादा. आग थांबवाची लाइन आहे. तुमी काय आग आहा का?"

मोहाचे फूल रात्री उशिरा गळू लागते आणि सूर्य वर येईपर्यंत वेचावे लागते, नाहीतर गुरे आणि हरणे खातात. खाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालची पाने जाळण्याची पद्धत आहे, आणि वणव्याचे एक मोठे कारण तेच. अलीकडे झाडाखाली हिरवी जाळी बांधायला सांगतात. यांच्या झाडाखाली जाळी होती का, हे मास्तरने विचारले. धाकटी म्हणाली, सहा झाडे आहेत आणि जाळी दोन मिळाल्या. बाकीच्या चार झाडांचे काय, हे आम्ही विचारले नाही. त्यांनी आम्हाला एक पाऊलवाट दाखवली, जी झाडांच्या मधून वेडीवाकडी वळत, एका झिऱ्याला स्पर्शून, चाळीस मिनिटांत येरकडच्या रस्त्याला लागली. ती वाट नकाशावर नव्हती. मोहाच्या झाडांपासून गावापर्यंत, मध्ये पाण्याला टेकून: ती कशासाठी पडली असेल, हे चालवतानाच कळत होते.

धानोऱ्याला साडेचारला पोहोचलो. ठिगळ टिकले.

चौथा दिवस: धानोरा, मेंढा (लेखा), आष्टी, आलापल्ली

धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. गावाच्या तोंडावर 'मावा नाटे मावा राज' ही ओळ आहे, आमच्या गावात आमचे राज्य. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने होतात. एक माणूस अडला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो.

आम्ही गाड्या मोठ्या रस्त्यालगत ठेवून गावात चालत गेलो. आत जंगलात बांबूच्या वाहतुकीचा एक सुरेख रस्ता जाताना दिसत होता आणि माझा उजवा हात आपोआप अॅक्सिलरेटरच्या हालचाली करीत होता. पण इथे वनरक्षकाच्या वहीत नाव लिहून भागत नाही, ग्रामसभेला विचारावे लागते, आणि दोन रिकामटेकड्यांच्या हौसेसाठी ऐंशी-नव्वद घरांची सहमती मागण्याचे धाडस आमच्यात नव्हते. तासाभराने निघालो.

गडचिरोली, चामोर्शी. मार्कंड्याला उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी देवळांच्या सावलीत डबा खाल्ला. आष्टीपासून आलापल्लीपर्यंतचा रस्ता मात्र लवकर विसरता येणार नाही. मास्तरचा प्रश्न इथे हास्यास्पद ठरला असता: रस्त्याच्या कडेची पळसाची झाडे, टपऱ्यांची छपरे, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर लोहखनिजाची लाल धूळ होती आणि समोरून एकामागून एक ट्रक येत होते. कच्च्या जंगलरस्त्यावर तीन दिवसांत जेवढी भीती वाटली नाही, तेवढी या डांबरी रस्त्यावर दोन तासांत वाटली. आलापल्लीला पोहोचून आरशात पाहिले तर दोघांच्याही भुवया लाल होत्या.

पाचवा दिवस: आलापल्ली ते भामरागड

आलापल्लीचा साग इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला. इथल्या जंगलातले रस्ते, विश्रामगृहे, लाकडाचे आगार, सारे सागासाठी उभे राहिले. गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर भामरागडच्या वाटेवर सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा मात्र तोडीतून वगळून जपला गेला. त्याला ग्लोरी ऑफ आलापल्ली म्हणतात आणि 2014 मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रातले हे असे पहिले स्थळ. आत चालत गेलो. दुसऱ्या दिवशी शिक्के मारलेले बुंधे पाहिले नसते, तर या झाडांची जाडी मला कळली नसती: आम्ही दोघांनी हात पसरून एका सागाला मिठी मारली आणि बोटे एकमेकांना लागली नाहीत. एक मोठे झाड आडवे पडलेले होते, त्यावर बुरशी, वाळवी आणि कोवळी रोपे. इथे मास्तर काही न विचारता बराच वेळ नुसता उभा राहिला.

पुढचा रस्ता डांबरी आहे, मधून मधून उखडलेला. दोन ठिकाणी पोलिसांनी थांबवून कुठून, कुठे, कशासाठी हे विचारले आणि पाणी दिले. हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना गर्दीने भरलेला होता. 1973 साली हे काम सुरू झाले तेव्हा रुग्ण जंगलातून दिवस-दिवस चालत येत, आता अंगणात दुचाक्यांची रांग होती आणि त्यांतल्या बहुतेक मास्तरच्या गाडीच्या बहिणी होत्या. आम्ही पाहुण्यांसारखे आत न शिरता पुढे निघालो.

भामरागडच्या आधी पर्लकोटा नदी लागते. पावसाळ्यात तिचा पूर चढला की गावाचा जगाशी संबंध तुटतो. मार्चअखेर ती खडकांमधून बारीक वाहत होती. गावापलीकडे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे आणि पलीकडचा तीर छत्तीसगडचा. दुपारी तीनला आम्ही तिथे पोहोचलो. आमचा प्रवास इथेच संपायचा होता.

काठावर एक माणूस आपली मोटारसायकल लाकडी डोंग्यात चढवत होता. दोघांनी हँडल धरले, एकाने मागून उचलली, आणि गाडी डोंग्याच्या मधोमध उभी राहिली, इतकी सहज की हे रोजचेच असावे. कॅरिअरला तांदळाची चुंगडी आणि पितळेचा गुंड बांधलेला होता. मास्तर पुढे गेला. जोहार झाला.

"कोणत्या कामानं चालले जी?" त्याने विचारले.

"तिकडं बहीण देली आहे. तिच्या पोरीचं लगीन आहे." मग त्याने आमच्या गाड्यांकडे, लाल भुवयांकडे आणि माझ्या पुढच्या चाकाकडे पाहिले. "आन् तुमी? तुमी कोन्या कामानं आले?"

मास्तरने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नदी पाहाले आलो."

"मंग पावसाळ्यात याचं होतं न जी," तो म्हणाला आणि त्याने डोंगा ढकलला.